गांजाचे वाष्पन

गांजाचे वाष्पन : गांजाचा वाळलेला फुलोरा न पेटवता, साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातून उडणारी द्रव्ये ओढून घेण्याची पद्धत. त्यासाठी लागणाऱ्या उपकरणाला व्हेपोरायझर किंवा नुसते व्हेप म्हणतात. चिलीम, विडी किंवा कागदात वळलेला जॉइंट यांना पर्याय म्हणून ही पद्धत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत रुजली. कोकण किनाऱ्यावर, म्हणजे पालघरपासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यापर्यंत, ‘गांजा ओढणे’ म्हणजे अजून धूरच. गांजा बाळगणे, तो ओढणे आणि हे उपकरण विकणे या तिन्ही गोष्टी भारतात गुन्हा आहेत. पुढचे सगळे ते गृहीत धरूनच वाचावे.

या किनाऱ्याची भांग-गांजाशी ओळख जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेची माहिती आहे, आणि गुजरातच्या बहादूरशहाचा एक किस्साही : रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान हिंडून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो, असे तो म्हणे. ऑर्ताची ही भांग मात्र पोटात घेण्याची आहे. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर भारतात आला, पसरला, आणि पुढे चिलमीत गांजाचा सोबती झाला. वाष्पनाचा विचार करताना ही सोबत लक्षात ठेवावी लागते.

चिलीम मातीची, वर रुंद आणि खाली निमुळती असते. आत एक खडा अडकवतात, म्हणजे जळता माल ओढणाऱ्याच्या तोंडात येत नाही. गांजा तळहातावर चुरायचा, काड्या-बिया वेचून टाकायच्या, त्यात तंबाखू घालून अंगठ्याने मळायचे आणि चिलीम भरायची. खालच्या टोकाला ओले फडके, म्हणजे साफी, गुंडाळून दोन्ही हातांच्या पोकळीतून दम मारायचा. चार दम झाले की साफीवर तपकिरी-काळा डाग उमटतो. हे डांबर. डाग दिसतो म्हणून धूर गाळला गेला, असे ओढणारे हमखास सांगतात. प्रत्यक्षात साफीने धूर थोडा गार होतो आणि जाडसर कण अडतात. कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण तिला दाद देत नाहीत, ते थेट फुफ्फुसात उतरतात.

कार्यपद्धती : गांजाच्या फुलोऱ्यावर ग्रंथी असलेले सूक्ष्म केस असतात आणि त्यांत राळ साठते. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य झाडात मुख्यतः आम्लरूपात असते, आणि त्या रूपात त्याने नशा येत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी मोकळे होते. चिलमीत हे क्षणात घडते, पण तिथे निखाऱ्याचे तापमान ६०० ते ९०० अंशांच्या घरात जाते. त्यामुळे टीएचसीचा बराच भाग जळून वाया जातो. शिवाय पाल्यातला काष्ठमय भाग जळून डांबर, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि कर्करोगाला कारणीभूत ठरणारी इतर संयुगे तयार होतात. तंबाखूच्या धुरातही यातली बहुतेक सापडतात; त्या बाबतीत दोन्ही धूर सख्खे भाऊ आहेत.

व्हेप तापमान मधल्या पट्ट्यात धरून ठेवतो. राळेतली द्रव्ये उडावीत पण पाला पेटू नये, एवढेच त्याचे काम. सुगंधी टर्पिने आधी उडतात, म्हणून पहिल्या एक-दोन झुरक्यांना वास आणि चव जास्त असते. पुढचे झुरके रुक्ष होत जातात. तापमान २३० अंशांच्या पुढे गेले की पाला करपू लागतो, आणि मग धूर टाळल्याचा दावा पोकळ ठरतो. बोलताना वाफ म्हणतात, पण पाण्याची वाफ ती नव्हे. हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचा तो एरोसोल असतो. तो धुरापेक्षा विरळ दिसतो, त्याचा वासही लवकर विरतो, पण येतो.

उपकरणे दोन तऱ्हेची. एकात पाला तापलेल्या धातूच्या किंवा सिरॅमिकच्या भिंतीला चिकटून तापतो; ती स्वस्त आणि खिशात मावणारी, पण भिंतीलगतचा पाला करपतो आणि मधला कच्चा राहतो. दुसऱ्यात गरम हवा पाल्यातून खेळवतात; उष्णता सारखी लागते, किंमत वाढते. जर्मनीतील टुटलिंगेन येथील श्टोर्त्स अँड बिकेल या कंपनीचे व्होल्कॅनो हे २००० साली बाजारात आलेले टेबलावर ठेवायचे यंत्र दुसऱ्या तऱ्हेचे. त्यात गरम हवेने एक पारदर्शक पिशवी फुगते आणि ती काढून तोंडाला लावतात. त्याच्याच वैद्यकीय आवृत्तीला पुढे काही देशांत वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

वापरून झाल्यावर कप्प्यात राख उरत नाही, भाजलेल्या ओव्यासारखा तपकिरी चोथा उरतो. त्यात काही टीएचसी शिल्लक असते आणि ते आता आम्लरूपात नसल्याने पोटात गेले तरी लागते. लाडू-बिस्किटात तो घालणाऱ्यांची फसगत होते ती वेळेच्या अंदाजात : ओढलेल्याचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, खाल्लेल्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात, आणि तोवर माणूस ‘काहीच होत नाही’ म्हणून आणखी खातो. घरात लहान मूल किंवा कुत्रे असेल तर हा चोथा उघडा टाकणे धोक्याचे.

अभ्यास काय सांगतात : डोनाल्ड एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १८ जणांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर ओढल्यावर आणि व्होल्कॅनोतून घेतल्यावर रक्तातील टीएचसीची पातळी साधारण सारखी आढळली. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र व्हेपनंतर फारसा वाढला नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो एका नियंत्रित यंत्राचा, मोजून दिलेल्या मालाचा आणि मोजक्या दिवसांचा आहे. वीस वर्षे व्हेप ओढणाऱ्याचे फुफ्फुस कसे असते, याचे उत्तर त्यात नाही. उलट बाजूही आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अधूनमधूनच गांजा घेणाऱ्या १७ जणांना तेवढेच टीएचसी धुरातून आणि वाफेतून दिले. वाफेतून रक्तात ते जास्त पोहोचले आणि गुंगी, गोंधळ, चुका वाढल्या. कारण उघड आहे : जळून वाया जाणारा भाग इथे वाचतो. चिलमीचा अंदाज व्हेपला लावणारा नवखा इथेच फसतो.

म्हणून वाष्पनाला ‘सुरक्षित गांजा’ म्हणणे चूक. धुराचे नुकसान कमी होते. गांजाचे होत नाही. सवय लागणे, कोवळ्या वयातल्या मेंदूवरचा परिणाम, मनोविकाराकडे कल असलेल्याला होणारा भ्रम, छातीतली धडधड, गरोदरपणातला धोका आणि गाडी चालवताना मंदावलेले लक्ष यांवर पाला जाळला की तापवला याने फरक पडत नाही. कशेडी किंवा आंबा घाटाच्या वळणांवर ओढलेला चालक वाफेचा होता की धुराचा, हे दरीला कळत नाही. कोकणापुरता खरा लाभ कुठे असेल तर तो तंबाखू सुटण्यात आहे. व्हेपमध्ये गांजा एकटा भरता येतो. चिलमीच्या सवयीने त्यातही तंबाखू मिसळला तर निकोटिनची पकड तशीच राहते.

आणखी एक घोळ नेहमी होतो. गांजाच्या तेलाची काडतुसे लावलेले पेन आणि सुक्या पाल्याचा व्हेप या वेगळ्या वस्तू आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या तीव्र इजेची जी साथ आली, तीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि ६८ मृत्यू झाले. तिचा मुख्य संबंध काळ्या बाजारातल्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी होता. सुक्या पाल्यात ते तेल नसते. हाच फरक पुढे करून कोणी पाल्याला निर्धोक ठरवत असेल तर तेही अर्धसत्यच.

पावसाळा आणि माल : प्रयोगशाळेत पाला प्रमाणित असतो, नेदरलँड्समध्ये औषधी गांजावर गॅमा किरणांची प्रक्रिया करून जंतू-बुरशी मारतात. कोकणात पोहोचणारा गांजा बहुधा दाबून विटा केलेला, बिया-काड्यांसकट, कुठे कसा ठेवला होता याचा पत्ता नसलेला. देशातला मोठा पुरवठा आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ पट्ट्यातून येतो, म्हणजे किनाऱ्यावर येईतो त्याने बराच प्रवास आणि बरीच दमट गोदामे पाहिलेली असतात. त्यात जूनपासूनची कोकणची हवा. जिथे पापड सादळतात आणि कपाटातल्या चपलांना पांढरी बुरशी धरते, तिथे पिशवीतला फुलोरा कोरडा राहील ही अपेक्षाच चुकीची. ओलसर पाला व्हेपमध्ये आधी पाणी सोडतो, उष्णता त्यातच खर्ची पडते, घसा पोळतो. पण खरी काळजी बुरशीची. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू दम्याच्या आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना घातक ठरू शकतात, आणि काही बुरशींची अफ्लाटॉक्सिनसारखी विषे व्हेपच्या तापमानालाही टिकतात. वरून उन्हात वाळवले की विष जाते, हा समज खोटा आहे.

चरस, म्हणजे गांजाच्या झाडाची काढलेली राळ, या उपकरणांना मानवत नाही. तो वितळून जाळी बुजवतो. 

कायदा : येथे दोन कायदे एकमेकांवर बसतात. अमली पदार्थविषयक १९८५ चा एनडीपीएस कायदा गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा असे मानतो. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांकडे जातो. एक किलोपेक्षा कमी गांजा अल्प प्रमाण. त्याला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोंपेक्षा जास्त असेल तर व्यापारी प्रमाण. तिथे किमान शिक्षाच १० वर्षे. नुसत्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात धूर आणि वाफ असा भेद नाही. उपचारासाठी आपणहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला याच कायद्याचे कलम ६४-अ अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यातून सूट देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. किनाऱ्यावर रत्नागिरी आणि ठाणे येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत.

दुसरा कायदा २०१९ चा, ई-सिगारेटबंदीचा. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी एरोसोल तयार करणारे विजेवरचे उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो, अशी त्याची व्याख्या आहे आणि न जाळता तापवणारी उत्पादने त्यात नावानिशी आहेत. विजेवर चालणारा सुक्या पाल्याचा व्हेप त्यात सरळ बसतो. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वापरणाऱ्याला वेगळी शिक्षा त्यात सांगितलेली नाही. मातीची चिलीम मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे जास्त धूर देणारे साधन उघड विकता येते आणि कमी धूर देणारे येत नाही. जर्मनीत २०१७ पासून डॉक्टर गांजा लिहून देऊ शकतात आणि तिथला रुग्ण यंत्रासकट प्रवासही करतो. ती चिठ्ठी दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर या दोन्ही कायद्यांतून सुटका देत नाही.