मानव-उत्क्रांती दालन, पुणे परिसरातील मांडणी

मानव-उत्क्रांती दालन : मानवाचा उद्भव व विकास जीवाश्मांच्या प्रतिकृती, दगडी हत्यारे आणि जमिनीतील थरांचे छेद यांच्या आधारे दाखविणारे संग्रहालयाचे दालन. पुण्यात या विषयाची अभ्यासपरंपरा डेक्कन कॉलेजने रुजविली. १९३९ मध्ये संस्था संशोधनकेंद्र म्हणून नव्याने सुरू झाली, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तेथे रुजू झाले.

वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची एकेरी रांग अशा दालनात टाळावी. मानवकुलाच्या अनेक शाखा एकाच काळी नांदत होत्या. फांद्यांचा वृक्षच वस्तुस्थितीला धरून आहे.

पुणे परिसरात हत्यारे विपुल आहेत, पण ती घडविणाऱ्यांची हाडे नाहीत. त्यामुळे नर्मदाकाठच्या हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना सापडलेल्या कवटीची प्रतिकृती मध्यवर्ती ठरते. मुख्यतः उजवी बाजू शिल्लक असलेली ही कवटी आधी होमो इरेक्टस या लुप्त मानवजातीची मानली गेली. पुढे अनेकांनी तिला आपल्याच जातीच्या प्राचीन रूपाजवळ, म्हणजे प्राचीन होमो सेपियन्सजवळ, आणले. फलकावर दोन्ही मते द्यावीत.

खरा पेच बोरीच्या राखेचा आहे. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीकाठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर असून त्याच्या सान्निध्यात अश्यूलियन (पूर्व पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडींच्या परंपरेची) हत्यारे मिळाली आहेत. पोटॅशियमपासून बनलेल्या आर्गॉनच्या प्रमाणावरून वय काढणाऱ्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने १९८९ मध्ये राखेचे वय सु. १४ लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ मध्ये तिच्याच सुधारित रूपाने, आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने, ते सु. ६.७ लाखांवर आले. काही संशोधकांनी राखेतील काचकणांची रासायनिक घडण सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सु. ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळवली. ही जुळणी अधिक भक्कम वाटते. मात्र राख पाण्याने वाहून पुन्हा साचली असल्यास तिच्यावरून हत्यारांचे वय निश्चित होत नाही. म्हणून ‘१४ लाख वर्षांपूर्वीचा पुणेकर’ असा मथळा मोहक असला तरी देऊ नये.

बेसाल्ट-डोलेराइटची हातकुऱ्हाड झिजल्यावर साध्या दगडासारखी दिसते. समोरून झोत टाकल्यास तिच्यावरच्या आघातांच्या खुणा सपाट भासतात. दिवा बाजूने, अगदी तिरका लावावा, म्हणजे कपच्या काढल्याच्या खोलगट खुणा आणि त्यांमधील कंगोरे उठून दिसतात. शेजारी नेवासे येथील चर्ट व जास्पर या कठीण, बारीक कणांच्या दगडांची लहान हत्यारे ठेवल्यास मध्य पुराश्मयुगात दगडाची निवड कशी बदलली, ते कळते.

यानंतरच्या काळासाठी पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातील) दफने उपयोगी पडतात; तेथील सांगाड्यांवरून आहार व दातांचे विकार अभ्यासले गेले आहेत.