नोटरीचा शिक्का शेतीच्या कागदावर कसा आला

तहसीलच्या आवारात दस्तलेखक आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या रांगेत बसणारा नोटरी मुळात व्यापाऱ्यांचा माणूस. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यात त्याचं काम हुंडी किंवा वचनचिठ्ठी सकारली गेली नाही, याची अधिकृत नोंद करण्याचं. जगभर मान्य होईल असा नोटरी नेमण्याचा अधिकार तेव्हा इंग्लंडमधल्या 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' या अधिकाऱ्याकडे होता. आपला नोटरी कायदा 1952 चा, आणि तो लागू झाला 14 फेब्रुवारी 1956 ला.

कायद्याच्या कलम 8 मध्ये हुंडीसोबतच सही साक्षांकित करणं, शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणं आणि भाषांतर प्रमाणित करणं ही कामंही होती. हुंड्या मागे पडल्या, शपथ उरली. आज गावाकडून येणारे कागद म्हणजे वारस फेरफाराचं प्रतिज्ञापत्र, कॉलेज प्रवेशासाठी शिक्षणात पडलेल्या गॅपचा कागद, सातबारावर 'पांडुरंग' आणि आधारवर 'पांडू' असेल तर दोन्ही एकच असल्याची शपथ, मक्त्याने दिलेल्या वावराचा करारनामा.

खरा घोळ झाला तो जमिनीत. 1908 च्या नोंदणी कायद्याने 100 रुपयांपासून पुढच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं सक्तीचं केलं. पण 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, जमीन वर्ग-2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असते, एखादा भाऊ सही देत नाही. मग 'नोटरी करून घेऊ' म्हणत व्यवहार उरकला जातो. अशा कागदावर फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावाचा बदल, होत नाही. पैसे मोजलेल्याच्या हाती ताबा राहतो आणि सातबारावर नाव विकणाऱ्याचंच. पीककर्ज आणि अतिवृष्टीची मदत त्याच्याच खात्यात जाते, आणि तो वारला की मुलं वारस म्हणून चढतात. शिक्क्याने सिद्ध होतं ते एवढंच की अमुक माणसाने अमुक तारखेला समोर सही केली. मालकी त्यातून येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात मुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दल हेच स्पष्ट केलं.

मुखत्यारपत्रातही गफलत होते. भारतात राहणाऱ्याने आपण सही केलेला दस्त नोंदणीला हजर करायचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा, तर नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे ते पत्र निबंधकासमोरच व्हावं लागतं. नोटरीचं चालतं ते परदेशात राहणाऱ्याच्या बाबतीत. स्टँपवरची फारकतही अशीच कच्ची. लग्न किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा नोटरीला अधिकार नाही, असं केंद्राच्या विधी विभागाने 2024 मध्ये बजावलं आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात 100 चा मुद्रांक 500 वर गेला. जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांच्या आणि सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मात्र शुल्क माफ आहे. तिथे साधा कागद पुरतो. तरीही लोकांना 500 चा स्टँप घ्यायला लावलं जातं, हे थांबायला हवं.

सही घरून करून नेऊ नये. मूळ ओळखपत्र घेऊन माणसाने स्वतः हजर राहावं, रिकामी जागा सोडू नये, अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याचा शेरा घ्यावा. मुद्रांक घेऊन सहा महिने उलटले असतील तर तो बाद. नोटरीचा शिक्का साधा, गोल, 5 सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर नाव आणि कार्यक्षेत्र असतं. कागदावरचा अनुक्रमांक त्याच्या रजिस्टरात चढला की नाही, हे तिथेच पाहून घ्यावं. पुढे वाद झाला तर कोर्टात तेच रजिस्टर मागवलं जातं.