डीपीवर हरकत घेताय? सातबारा नसला तरी चालेल, नकाशाचा तुकडा मात्र हवाच

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे डीपी, जाहीर झाला की पहिले काही दिवस सगळं शांत असतं. मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशाचा धूसर फोटो टाकतं, "आपल्या गल्लीवरून रस्ता चाललाय" अशी आवई उठते आणि शेवटच्या तीन दिवसांत नगररचना विभागाच्या खिडकीपाशी रांग लागते. त्या रांगेतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायला मी बसतो. तेच ते अर्ज त्याच त्या कारणांनी वाया जाताना पाहिलेत, म्हणून हे लिहितोय.

सगळी प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने चालते. क्रम थोडक्यात असा: कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग आज कुठली जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा नकाशा होतो, मग कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी कलम ३१ खाली शासन मंजुरी देतं. एकदा मंजूर झालेला आराखडा साधारण वीस वर्षं डोक्यावर राहतो.

आता पात्रता. इथेच सगळ्यात जास्त लोक उगाच परत जातात. कायद्यात शब्द आहे "कोणतीही व्यक्ती". मालक असायला हवं, असं कुठेही म्हटलेलं नाही. भाडेकरू, झोपडीत राहणारी बाई, त्या वस्तीतल्या शाळेची शिक्षिका, कोणीही हरकत घेऊ शकतं. तरीही एका कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने भाडेकरूंच्या एका गटाला "सातबारा आणा, मग बघू" म्हणून परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यातले निम्मे पुन्हा आलेच नाहीत. तुम्हाला असं कोणी म्हटलं तर वाद घालत बसू नका. अर्ज आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. लेखी हरकत मुदतीत पोचली, एवढंच कायदा मागतो. हरकत पटते की नाही, हे ठरवणं समितीचं काम आहे, खिडकीचं नाही.

तुमच्याच जमिनीवर आरक्षण पडलं असेल, म्हणजे ती रस्ता, बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली असेल, तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक जोडलेलं बरं, कारण समिती पहिला प्रश्न तोच विचारते. आणि मग निघतं ते जुनंच दुखणं: सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आणि वारस नोंद झालेली नाही. अशा वेळी हरकत थांबवू नका. मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीसाठी केलेल्या अर्जाची पोच जोडा, आणि "मी वारसांपैकी एक आहे" असं सरळ लिहा. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर व्हायची वाट बघत मुदत घालवलेली माणसं मी मोजणंच सोडून दिलंय.

कोणाकडेच नसतो असा कागद सातबारा नव्हे. तो आहे भाग नकाशा, म्हणजे प्रारूप आराखड्यातला तुमच्या जागेचा तुकडा, ज्यावर पानाचा क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक दिसतो. नोटिशीत लिहिलेलं असतं की नकाशा अमुक ठिकाणी पाहायला मिळेल आणि प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विकत मिळतील. प्रत्यक्षात नकाशा जिन्याजवळच्या भिंतीवर, डोळ्यांच्या बराच वर लावलेला असतो. घरांची नावं नसतात, रंगसूचीची अक्षरं मुंगीएवढी. पिवळा रंग रहिवासी, हिरवा शेती, एवढं लोकांना कळतं; पण त्या पिवळ्यावर काढलेली काळी तुटक रेघ नवा रस्ता आहे की जुनी हद्द, हे विचारायला तिथे माणूस नसतो. म्हणून प्रमाणित प्रत घ्याच. पैसे जातात, पण त्या प्रतीशिवाय हरकत हवेत राहते.

याहून चिवट प्रश्न आहे नंबरांचा. शहराच्या हद्दीत नगर भूमापन झालेलं असेल तर जागेला सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, मिळालेला असतो आणि कित्येकदा सातबारा बंद झालेला असतो. हद्दीबाहेरच्या गावांत जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, तरी म्हातारी माणसं अजून जुना सर्व्हे नंबरच सांगतात. आराखड्यात एक नंबर, तुमच्या कागदावर दुसरा आणि अर्जात तुम्ही लिहिता "मारुतीच्या देवळामागची आमची जागा". मग समितीच्या अहवालात तुमच्या नावापुढे जागेचा बोध होत नाही अशा अर्थाचा शेरा पडतो आणि विषय संपतो. भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ काढून घ्या आणि अर्जात दोन्ही लिहा. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण ती वेळेत मिळेल या भरवशावर राहू नका.

मुदत. दिवस मोजायचे ते नोटीस राजपत्रात प्रसिद्ध झाली त्या तारखेपासून. वर्तमानपत्रात बातमी वाचली तो दिवस नाही, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने आराखड्याला मान्यता दिली तो दिवस तर नाहीच. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचं पहिलं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं तेव्हा ६० दिवस मिळाले होते. तुमच्या शहरात तेवढेच मिळतील असं गृहीत धरू नका, नोटिशीत आकडा लिहिलेला असतो तो वाचा. "मुदत वाढणार आहे" ही अफवा प्रत्येक वेळी उठते. कधी खरी ठरते, कधी नाही. तिच्यावर विसंबून अर्ज घरी ठेवणाऱ्यांना नंतर मदत करता येत नाही.

त्याच मुंबईच्या प्रारूपात पुरातन वास्तूंपासून शाळांपर्यंत इतक्या चुका निघाल्या, लोकांनी वॉर्डावॉर्डांत बसून त्या इतक्या नेमक्या दाखवल्या, की एप्रिल २०१५ मध्ये शासनाने तो मागे घ्यायला लावला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. त्या आधी गोव्यात २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ साली रद्द करावा लागला होता. दोन्ही ठिकाणी "विकास नको" एवढंच म्हणून भागलं नसतं.

म्हणून अर्जातला मजकूर. "आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी आरक्षण रद्द करावे" एवढ्यावर थांबू नका. दोन परिच्छेद पुरतात. पहिल्यात जागा: पानाचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे किंवा गट आणि सीटीएस नंबर, आज तिथे काय आहे. दुसऱ्यात मागणी आणि पर्याय. बागेचं आरक्षण चाळीवर पडलं असेल तर ती बाग कुठे होऊ शकते ते सांगा. शेजारचा रिकामा सरकारी भूखंड असेल तर त्याचा नंबर द्या. समितीतल्या लोकांना बागेचं क्षेत्र कागदावर भरून काढायचं असतं. तुम्ही ते काम सोपं केलंत तर ते ऐकतात. चाळीचे फोटो, वीजबिलं, शाळेची नोंद असं जे असेल ते जोडा.

सोसायटीने छापील मजकुरावर तीनशे सह्या गोळा केल्या तर त्यात गैर काही नाही, पण त्या तीनशे अर्जांचा निकाल बहुधा एकाच ओळीत लागतो. त्यापेक्षा वेगवेगळे मुद्दे मांडणारे दहा अर्ज अधिक उपयोगी. एकाचा मुद्दा रस्त्याच्या रुंदीचा, दुसऱ्याचा नाल्याचा, तिसऱ्याचा शाळेच्या मैदानाचा.

पत्ता पूर्ण लिहा, मोबाइल नंबरसह. सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते. "मु. पो. गावठाण" एवढ्यावर पोस्टमन कोणाला शोधणार? ऑनलाइन हरकत नोंदवली असेल तर पोचपावती छापून ठेवा.

नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. सुनावणीला तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यातलं एक नकाशा उलगडण्यात जातं. भाग नकाशावर आपली जागा आधीच लाल पेनाने गोल करून न्या. घरातला सगळ्यात मोठ्याने बोलणारा न्यायची गरज नाही. ज्याला नंबर तोंडपाठ आहेत तो न्या. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला लेखी अधिकारपत्र द्या.

इथपर्यंत आलात की लोक फाइल बांधून ठेवतात आणि पुढचं हुकतं. शासन मंजुरी देताना आराखड्यातला काही भाग वगळून ठेवतं, त्यात मोठे बदल सुचवतं आणि त्यावर पुन्हा हरकती मागवतं. त्यानंतरच्या वर्षांतही कलम ३७ खाली फेरबदल चालू राहतात: इथलं मैदान कमी, तिथला झोन बदल. त्याची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर निविदांच्या गर्दीत येते आणि हरकतीला एकच महिना असतो. मोहल्ल्यात निवृत्त झालेला, रोज सकाळी पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एक माणूस असतोच. त्याला हे काम द्या.

आणि ज्यांची जमीन आरक्षणात अडकून पडली आहे त्यांच्यासाठी कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालकाला नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. या नोटिशीला मात्र मालकीचे कागद जोडावेच लागतात. हरकतीच्या वेळी चालून गेलेला आजोबांच्या नावाचा सातबारा इथे नोटीस अडवतो, तेव्हा वारस नोंदीचा अर्ज आजच तलाठ्याकडे द्या.