डेटाबेस जोडणी

रिलेशनल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या, डेटाबेसमधील नोंदी वाचण्यासाठी वा बदलण्यासाठी प्रोग्राम डेटाबेस सर्व्हरशी ओळख पटवून जो संवाद सुरू करतो व काम संपेपर्यंत चालू ठेवतो, त्यास डेटाबेस जोडणी म्हणतात. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हर ज्यावर जोडणी स्वीकारतो तो क्रमांक), डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व पासवर्ड ही माहिती ड्रायव्हरला, म्हणजे प्रोग्राम व सर्व्हर यांच्यात दुवा साधणाऱ्या सॉफ्टवेअरला, पुरवावी लागते. प्रचलित डेटाबेस प्रणालींपैकी मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट ३३०६, तर पोस्टग्रेसक्यूएलचा ५४३२ असतो. एसक्यूलाइटमध्ये स्वतंत्र सर्व्हर नसल्याने प्रोग्राम थेट फाइल उघडतो.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या ओडीबीसी या डेटाबेसशी बोलण्याच्या सामायिक पद्धतीपासून हा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. तथापि एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडल्यानंतर, साधारणतः सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत उभ्या राहिलेल्या ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक डेटाबेसमध्ये पीएल/वन व कोबोल या भाषांतील प्रोग्रामांच्या मजकुरातच एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा) विधाने लिहिता येत असत आणि प्रोग्रामचे संकलन होण्यापूर्वी चालणारा एक पूर्व-संकलक त्यांच्या जागी डेटाबेसला बोलावणाऱ्या सूचना बसवीत असे. प्रोग्राम व डेटाबेस यांचा संबंध ओडीबीसीच्या आधीच जुळला होता, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ओडीबीसीचे श्रेय निराळे आहे : ड्रायव्हर बदलून तोच प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसशी बोलू लागला. ओडीबीसीचा आधार असलेला, एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप या कंपन्यांच्या गटाचा मसुदा पुढे विकसित होऊन १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग झाला. जावा भाषेसाठीची अशीच पद्धत, जेडीबीसी, १९९७ मध्ये जेडीके १.१ या जावाच्या विकास-संचासोबत आली.

जोडणी मध्येच तुटली तर काय होते, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जिनिंगच्या काट्यावर कापसाची गाडी आधी भरलेली व नंतर रिकामी तोलली जाते आणि फरकाइतके वजन पावतीवर चढते, असे समजा. पावतीची नोंद आणि शेतकऱ्याच्या खात्यातील जमा या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात (एकत्रच पूर्ण वा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) गुंफलेल्या असल्या, तर कमिट, म्हणजे बदल कायम, होण्यापूर्वी वीज गेल्यास सर्व्हर दोन्ही रद्द करतो. एक झाली आणि दुसरी राहिली, असे होत नाही. मात्र कमिटची आज्ञा पाठवल्यावर आणि उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर नोंद टिकली की नाही हे प्रोग्रामला कळत नाही. अशा वेळी काटेवाल्याने पुन्हा नोंद केल्यास एकाच गाडीचा कापूस दोनदा जमा होण्याचा धोका असतो. म्हणून पावती क्रमांकावर एकमेवतेचे बंधन, म्हणजे तोच क्रमांक दोनदा न स्वीकारण्याचा नियम, घालावे व जोडणी परत मिळताच त्याच क्रमांकाने आधी शोध घ्यावा. हे बंधन तक्त्यातच असावे, केवळ प्रोग्राममध्ये ठेवणे पुरेसे नाही.

शेतकऱ्याचे नाव वा गाव एसक्यूएल विधानात जोडून न लिहिता स्वतंत्र प्राचल, म्हणजे विधानापासून वेगळे दिलेले मूल्य, म्हणून पाठवतात. त्यामुळे आलेला मजकूर आज्ञा म्हणून वाचला जात नाही. वर्दळीच्या ठिकाणी उघड्या जोडण्यांचा साठा राखून त्याच पुन्हा वापरतात.