जेडची तपकिरीची कुपी : घेण्याआधी पाहायच्या गोष्टी

आपल्याकडे तपकीर डबीत राहिली, चीनमध्ये ती कुपीत गेली. दमट हवेत डबीतली पूड गोळा होते. अरुंद तोंडावर बूच घट्ट बसलं की कोरडी राहते. छिंग राजवटीत (१६४४ ते १९१२) तपकीर सर्दी-डोकेदुखीवरचं औषध मानली जाई, आणि पाच ते आठ सेंटिमीटरची कुपी बाळगणाऱ्याची ऐपतही सांगे.

कुपीवरचं कोरीवकाम डोळ्यांनी पाहायचं, पण वाचायचं कानांनी. बरीचशी चिन्हं म्हणजे चक्क शब्दश्लेष. चिनी भाषेत वटवाघूळ 'फू' आणि भाग्यही 'फू'. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि पूर्ण आयुष्य जगून आलेलं मरण. मासा 'यू', शिल्लकही 'यू'. घोड्यावर माकड असेल तर ती बढतीची शुभेच्छा : माकड आणि सरदारकी दोन्ही 'होऊ', आणि 'घोड्यावर' या शब्दाचा दुसरा अर्थ 'लवकरच'. पीच मात्र श्लेष नव्हे, अमरत्वाच्या कथांमधलं फळ आहे.

नेफ्राइट जेड (जेडच्या दोन प्रकारांपैकी एक, दुसरा जेडाइट) छिन्नीने कोरत नाहीत. लोखंडी चकतीवर ओली, जेडहून कठीण वाळू घालून ते घासतात. उत्तम पांढरा दगड पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नद्यांतल्या गोट्यांचा. १७५९ मध्ये छ्येनलोंग बादशहाच्या फौजांनी तो मुलूख जिंकल्यावर पुरवठा वाढला. गोट्याची तपकिरी साल कारागीर मुद्दाम राखत आणि नेमक्या तेवढ्याच भागात वटवाघूळ काढत. त्याला डाग समजू नका. पण हल्ली साल रंगवूनही मिळते : दहापट भिंगातून पाहा, लावलेला रंग चिरांत साचलेला दिसतो.

खरी पारख आतून होते. टोपण काढून तोंडातून बारीक उजेड सोडा. चांगली कुपी खांद्यांपर्यंत पोखरलेली आणि हाताला हलकी असते. आत परीक्षानळीसारखं सरळ भोक असेल तर सहसा काम घाईचं. जुन्या कुप्यांतही असं सापडतं, पण मग किंमत तशी हवी. टोपणाखालची कडाही तपासा. मान आखूड वाटली तर टवका उडालेली कडा घासून सारखी केलेली असू शकते.

वजनाची कसोटी घरी करता येते. टोपण आणि त्याला लावलेली तपकीर काढायची चमची बाजूला करून कुपी कोरडी तोला, समजा ६० ग्रॅम. मग आत पाणी भरून, दोऱ्याने पाण्यात टांगून तोला : ३९.७. फरक २०.३, ६० भागिले २०.३ म्हणजे घनता २.९६. नेफ्राइट २.९ ते ३.१, जेडाइट ३.३ च्या आसपास, जेडसारखा दिसणारा सर्पेंटाइन दगड साधारण २.६. खांद्यात एक मिलिलिटर हवा अडकली तरी आकडा २.८२ वर येतो, म्हणून बुडबुडे आधी हलवून काढा. सुईने ओरखडा काढून पाहू नका.

टोपण बहुधा मूळचं नसतं. त्याने किंमत फारशी पडत नाही. चमची हस्तिदंती असेल तर सांभाळून : भारतात हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे. आम्ही बांबूची बसवून देतो. बूच अडकलं तर पिळू नका, मानेचा टवका जातो. कुपी तशीच आमच्याकडे आणा.

धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. तेल लावून चमकवलेली कुपी कोणी दाखवली तर आधी तेल पुसायला सांगा. तेलाखाली बारीक चिरा दिसत नाहीत.