नॉयश्वानस्टाइन आणि होहेनश्वांगाऊ: मुलाचा पांढरा किल्ला, वडिलांचा पिवळा

जर्मनीच्या सहलीची कुठलीही जाहिरात पाहा, एक फोटो हमखास असतो. गर्द झाडीतल्या कड्यावर उभा पांढराशुभ्र किल्ला, निमुळते मनोरे आणि मागे आल्प्स. या फोटोखाली कधी ‘नॉयश्वानस्टाइन’ लिहिलेलं असतं, तर कधी ‘होहेनश्वांगाऊ’. तिकीट काढायला बसलं की गोंधळ आणखी वाढतो. या नावांचे दोन वेगळे किल्ले आहेत, ते एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत, आणि ज्या गावातून दोन्हींकडे वाट जाते त्या गावाचं नावही होहेनश्वांगाऊच आहे.

आधी सरळ ओळख सांगते. उंच कड्यावरचा पांढरा तो नॉयश्वानस्टाइन. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया या राज्याचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये तो बांधायला घेतला आणि त्याच्या हयातीत तो पुरा झाला नाही. खालच्या टेकडीवरचा, आल्पझे तलावाजवळचा पिवळा तो होहेनश्वांगाऊ. लुडविगचे वडील मॅक्सिमिलियन यांनी युवराज असताना, १८३३ ते १८३७ या काळात, जुन्या पडक्या गढीच्या जागी तो उभारला. फोटोतला किल्ला पांढरा असेल तर खाली काहीही लिहिलेलं असो, तो नॉयश्वानस्टाइनच.

नावांचा घोळ आजच्या प्रवासी कंपन्यांनी केलेला नाही, तो फार जुना आहे. मध्ययुगात या भागावर श्वांगाऊच्या सरदारांचा अंमल होता आणि हंस हे त्यांचं चिन्ह होतं. आज पांढरा किल्ला आहे त्या कड्यावर तेव्हा पुढचं आणि मागचं होहेनश्वांगाऊ अशा दोन गढ्या होत्या. पिवळ्या किल्ल्याच्या जागेवर जी गढी होती तिचं नाव श्वानस्टाइन. मॅक्सिमिलियनने श्वानस्टाइन नव्याने बांधलं आणि त्याला होहेनश्वांगाऊ म्हटलं. मग मुलाने खऱ्या होहेनश्वांगाऊच्या अवशेषांवर बांधकाम काढलं, त्याला लोक ‘नवं होहेनश्वांगाऊ’ म्हणू लागले. नॉयश्वानस्टाइन हे नाव लुडविगच्या मृत्यूनंतर रूढ झालं. म्हणजे दोन्ही जागांच्या नावांची चक्क अदलाबदल झाली आहे. लुडविगच्या काळातल्या एखाद्या मजकुरात ‘नवं होहेनश्वांगाऊ’ दिसलं तर तो उल्लेख पांढऱ्या किल्ल्याचाच समजावा.

बहुतेक प्रवासी पांढरा पाहून परततात, पिवळा बसच्या खिडकीतून दिसतो तेवढाच. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पिवळा पाहिल्याशिवाय पांढरा कळत नाही.

होहेनश्वांगाऊ हे राजघराण्याचं राहतं घर होतं. उन्हाळा इथे घालवायचा, शिकारीला जायचं, डोंगर चढायचे. लुडविगची आई मारी उत्तर जर्मनीतल्या प्रशियाची राजकन्या, पण तिला या डोंगरांचं वेड होतं. खोल्या मोठ्या असल्या तरी माणसांच्या मापाच्या आहेत, आणि भिंतीभर चित्रं आहेत. मोरित्स फॉन श्विंड आणि इतर चित्रकारांच्या आराखड्यांवरून काढलेल्या या चित्रांत जर्मन दंतकथा आणि मध्ययुगीन इतिहास भरलेला आहे. एक दालन तर हंसाने ओढलेल्या नावेतून येणाऱ्या लोहेनग्रिन या वीराचं आहे. लुडविग आणि त्याचा धाकटा भाऊ ओटो या चित्रांखाली वाढले. पंधराव्या वर्षी लुडविगने रिचर्ड वाग्नरची ‘लोहेनग्रिन’ ही संगीतिका पाहिली, तेव्हा लहानपणापासून भिंतीवर पाहिलेला तो वीर त्याच्यासमोर रंगमंचावर गात उभा होता. पुढे या मुलाच्या हाती राज्य आलं तेव्हा त्याने काय बांधलं, याचं उत्तर या खोल्यांत मिळतं. इथल्या त्याच्या शयनगृहाच्या छतावर चांदण्यांचं आकाश आहे, वरच्या मजल्यावरून दिवे लावून ते उजळण्याची सोय होती.

१८६४ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो राजा झाला. दोनच वर्षांनी प्रशियाविरुद्धच्या युद्धात बव्हेरिया हरला आणि राजाच्या हातातली खरी सत्ता झपाट्याने ओसरू लागली. १८६७ मध्ये त्याने आयझेनाखजवळचा वार्टबुर्ग किल्ला पाहिला, फ्रान्समधला पिएरफों पाहिला, आणि १८६८ मध्ये वाग्नरला पत्र लिहून कळवलं की कड्यालगतच्या प्यॉलाट घळीजवळची जुनी पडझड तो जुन्या जर्मन सरदारांच्या गढ्यांच्या धाटणीत पुन्हा उभारणार आहे. ५ सप्टेंबर १८६९ रोजी पायाचा दगड बसला. काम कसं चाललंय हे तो पिवळ्या किल्ल्यातून दुर्बिणीने पाहत असे.

पांढऱ्या किल्ल्याचं बाह्यरूप सुचवणारा ख्रिस्टियान यांक हा नाटकांचे पडदे रंगवणारा कलावंत होता. त्याच्या चित्रांवरून वास्तुविशारदांनी आराखडे केले. पांढऱ्या चुनखडीच्या आवरणामागे विटांचं बांधकाम आहे. १८७९ आणि १८८० या दोन वर्षांतच चार लाख विटा लागल्या. सिंहासन दालनाला आतून पोलादी सांगाडा आहे. गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची यंत्रणा, प्रत्येक मजल्यावर वाहतं पाणी, नोकरांना बोलवायला विजेच्या घंटा, टेलिफोन, जेवण वर आणायची लिफ्ट, हे सगळं त्यात होतं. मध्ययुगाचं रूप आणि एकोणिसाव्या शतकाचं यंत्र यांची ही सांगड मला त्याच्या मनोऱ्यांपेक्षा जास्त विलक्षण वाटते.

मराठी माणसाने इथे एक गोष्ट लक्षात घेतलेली बरी. रायगड, राजगड पायाखाली घातलेला कुणीही पांढऱ्या किल्ल्याच्या दारात पोचला की नकळत बुरुजाचा मारा कुठवर जातो, जंग्या कुठे आहेत, पाण्याची टाकी कुठे आहेत, हे शोधू लागतो. इथे ते नाही. नॉयश्वानस्टाइन एकही लढाई लढण्यासाठी बांधलेला नाही, त्याने कधी वेढा पाहिला नाही. तो एका माणसाच्या एकांतासाठी बांधलेला महाल आहे. आणि तरी, जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात मराठ्यांचे बारा किल्ले आणि लुडविगचे चार महाल जागतिक वारसा यादीत दाखल झाले. आपल्या बारांत साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत सगळे लष्करी गरजेतून घडलेले. त्या चारांत नॉयश्वानस्टाइन, लिंडरहोफ, शाखेन आणि हेरेनखिमझे. होहेनश्वांगाऊ त्यांत नाही, कारण तो लुडविगने बांधलेला नाही.

आत शिरल्यावरचा फरक सर्वांत ठळक जाणवतो. पिवळ्या किल्ल्यात टेबलं, पलंग, भेटवस्तू जागच्या जागी आहेत. राणी मारी १८८९ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, इथे येऊन राहत होती. पांढऱ्यात सुमारे १५ दालनंच पूर्ण सजलेली आहेत. सिंहासन दालन बायझंटाइन चर्चसारखं सोनेरी, खाली प्राण्यावनस्पतींची मोझेक फरशी, आणि जिथे सिंहासन असायला हवं तो चौथरा रिकामा. सिंहासन कधी आलंच नाही. गायकांचं दालन वार्टबुर्गच्या नमुन्यावर केलेलं, पण राजाच्या हयातीत तिथे मैफल झाली नाही. नव्वद मीटर उंचीचा मुख्य बुरूज आणि त्यातलं चर्च कागदावरच राहिलं. लुडविग इथे सगळे मिळून १७२ दिवस राहिला. कर्जाचा डोंगर वाढत गेला. जून १८८६ मध्ये डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणी न करताच त्याला वेडा ठरवलं, इथूनच त्याला ताब्यात घेतलं, आणि १३ जून रोजी श्टार्नबेर्ग तलावात तो आणि त्याचे डॉक्टर गुडेन दोघेही मृतावस्थेत सापडले. कुणी परकं माणूस आत येऊ नये म्हणून बांधलेला तो महाल सात आठवड्यांत, १ ऑगस्ट १८८६ ला, तिकीट लावून लोकांना खुला झाला.

म्हणून दोन्ही पाहायचे असतील तर आधी पिवळा, मग पांढरा, हाच क्रम ठेवा. लोहेनग्रिनची भिंत पाहून वर चढलात की वरची प्रत्येक नक्षी कुठून आली ते कळत जातं. एकच पाहायला वेळ असेल, तर माझं मत अनेकांना पटणार नाही: आतून होहेनश्वांगाऊ पाहा आणि नॉयश्वानस्टाइन बाहेरून. पांढऱ्याचं खरं देखणेपण बाहेरच आहे, घळीवरच्या मारिएनब्र्युके पुलावरून ते पुरेपूर दिसतं आणि त्याला तिकीट लागत नाही. आतली फेरी अर्ध्या तासाच्या आसपास आटोपते. लहान मुलं बरोबर असतील आणि त्यांना ‘परीकथेतला किल्ला’ आतून पाहायचाच असेल, तर मात्र त्यांचं ऐका.

म्युनिकहून रेल्वेने साधारण दोन तासांत फ्युसेन, तिथून बसने दहा मिनिटांत होहेनश्वांगाऊ गाव. दोन्ही किल्ल्यांत मार्गदर्शकाबरोबरच, ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात. वेळ चुकली तर तिकीट वाया जातं, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पांढऱ्यापर्यंतची चढण अर्ध्या ते पाऊण तासाची आहे. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा चालावाच लागतो. उन्हाळ्यात तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. हिवाळ्यात जाणार असाल तर त्या दिवशी पूल उघडा आहे का ते आधी पाहून घ्या, कारण बर्फ साचला की तो बंद ठेवतात.