उडालेला लाल रंग

जीर्णोद्धार झालेल्या देवळाचा फोटो कुणी कौतुकाने पाठवतं, आणि पाहावं तर काळ्या पाषाणावर चकचकीत ऑइलपेंट! जतन करणं म्हणजे नव्यासारखं करणं, हा समज फार खोल रुजला आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड फोर्ब्ज यांनी याकडे रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं. जगभरची रंगद्रव्यं गोळा केली, 1928 मध्ये विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात तांत्रिक अभ्यासाचा विभाग काढला आणि रदरफोर्ड गेटन्स हा रसायनतज्ज्ञ नेमला. त्याच विभागाचं आजचं रूप म्हणजे हार्वर्डचं स्ट्रॉस सेंटर हे कलाकृती जतन करणारं केंद्र.

या परंपरेची खरी कसोटी अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या भित्तिचित्रांनी घेतली. 1964 मध्ये पाच चित्रं विद्यापीठाच्या भोजनगृहात लागली. मोठ्या खिडक्यांतून ऊन येई. किरमिजी रंग ‘लिथॉल रेड’ आणि निळा अल्ट्रामरीन मिसळून केलेला. लिथॉल हे कृत्रिम सेंद्रिय रंगद्रव्य. प्रकाशाच्या ऊर्जेने त्याचे रेणू तुटतात आणि लाली जाते. अल्ट्रामरीन टिकतो. म्हणून चित्रं काही ठिकाणी फिकट निळी पडली आणि 1979 मध्ये उतरवली गेली.

(प्राचीन रंग टिकण्यामागे काही ‘गुपित’ होतं, असं सांगणारे अजिंठ्याचा दाखला देतात. तिथला लाल म्हणजे गेरू, लोहाचं ऑक्साइड. ते प्रकाशाला दाद देत नाही, शिवाय लेण्यात ऊनही कमी. यात चमत्कार काही नाही.)

रॉथकोच्या चित्रांवर वार्निशचा थर नव्हता, म्हणून वरून रंग दिला असता तर तो पुन्हा काढता आला नसता. मग उपाय सापडला तो प्रकाशातच! आपल्याला दिसणारा रंग म्हणजे पडलेला प्रकाश गुणिले पृष्ठभागाची परावर्तनक्षमता. लाल रंगद्रव्य हिरवा-निळा प्रकाश शोषतं. ते गेलं की हा प्रकाश परतू लागतो. म्हणून प्रोजेक्टरने तिथे हिरवा-निळा कमी आणि लाल जास्त टाकायचा. जिथे रंग शाबूत आहे तिथे जवळजवळ पांढरा. कॅमेऱ्याने आजची परावर्तनक्षमता मोजून प्रत्येक बिंदूचा हिशेब वेगळा केला. मूळ रंग ठरवायला 1964 च्या रंगीत पारदर्शिका (स्लाइड) होत्या, पण त्याही फिकटलेल्या. त्या आधी संगणकावर सुधारल्या. भिंतीवर कधी न लागलेलं सहावं चित्रही ताडून पाहायला मिळालं.

2014 च्या प्रदर्शनात कॅनव्हासला ब्रशही न लावता किरमिजी परतला. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करत, आणि उरलेली खरी चित्रं लोकांसमोर येत.